दयेचा पत्ता

दया सर्व प्राणिमात्रांवर सारखीच करावी, हे आपण लहानपणी पाठ केलेलं असतं. त्याची परीक्षा घ्यायची असेल, तर अंगणात चिमण्यांसाठी एक लाकडी खोका टांगावा. घरमालक झाल्याशिवाय माणसाला स्वतःचा स्वभाव कळत नाही.

धरमपेठेतल्या आमच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीवर असा खोका आहे. (पश्चिमेला टांगला, तर नागपूरच्या एप्रिलात अंडी उबवायला चिमणीची गरजच पडायची नाही!) भोक सव्वा इंचाचं. त्यातून चिमणी जाते, साळुंकी जात नाही. म्हणजे पहिला पक्षपात मी सुताराकडूनच करवून घेतला.

अंडी बारा-तेरा दिवस, त्यानंतर पिलं साधारण पंधरा दिवस. या दिवसांत आमचा सकाळचा चहा खोक्यासमोर होतो. आईबाप स्वतः दाण्यांवर जगतात, पण पिलांना सुरुवातीला अळ्या आणि किडेच लागतात. दर चार-दोन मिनिटांनी एक अळी आत गेली की आम्ही 'वा!' म्हणतो. यातली बरीचशी आमच्या कढीपत्त्यावरची. तीच सुटली असती, तर काही दिवसांनी तिचं काळं फुलपाखरू झालं असतं आणि आम्ही ते नातवाला बोट करून दाखवलं असतं. तेव्हाही 'वा!'च म्हटलं असतं.

कावळ्याचं तसंच. भाद्रपदात ज्याला हात जोडून बोलावतो, त्याला एप्रिलात काठी दाखवतो. त्याच्याही घरी याच दिवसांत पिलं असतात, आणि त्यातलं एखादं कोकिळेचं!

"काय पाहून राहिले जी एवढं?" शेजारच्या वकीलसाहेबांनी कुंपणावरून विचारलं. मी कावळ्याची तक्रार सांगितली. ते म्हणाले, "खोका तुम्ही लावला, म्हणजे तुम्ही पार्टी झाले. पार्टीनं जज होऊ नाही."

नुसतं पाहिल्याने दया येते, असंही नाही. सलीम अली दहाएक वर्षांचे असताना चेंबूरला भिंतीतल्या एका घरट्यापाशी असेच टक लावून बसत, पण हातात छऱ्याची बंदूक! आत मादी अंड्यांवर, बाहेर नर पहाऱ्याला. नर पाडला की दुसरा हजर. सात दिवसांत आठ नर त्यांनी पाडले आणि तशी नोंदही करून ठेवली. पुढे ते पाखरांचे केवढे कैवारी झाले! १९८५च्या आत्मचरित्रात त्यांनी हा उद्योग लपवलेला नाही. त्या चिमणीबद्दल त्या पोराला जे कळलं, ते आम्हा कनवाळू मंडळींना जन्मात कळलं नसतं, हे मान्य करायला मला फार जड जातं.

यंदा पिलं तीन. भोकाशी तोंडं दोनच मावतात. जो पुढे घुसून मोठा आ करतो, त्याला घास. तिसऱ्याचा नुसता आवाज येतो, तोही दिवसेंदिवस बारीक.

"अहो, त्या धाकट्याला मी भरवू का?" हिने विचारलं.

मी निसर्गाचा नियम सांगितला. दोघं जगावीत म्हणून तिसऱ्याचं असं होतं, आपण मध्ये पडू नये, वगैरे. वकीलसाहेबांनीही कुंपणावरून मान डोलावली.

"कूलर लावता, डॉक्टरकडे जाता, तेव्हा कुठे जातो तुमचा निसर्ग?" ही म्हणाली. "आणि घर आपण दिलंय ना त्यांना?"

याला वकीलसाहेबांपाशीही उत्तर नव्हतं. ते "पेशंटची तारीख आहे" असं काहीतरी पुटपुटत आत गेले.

माझं मत अजूनही त्यांच्याच बाजूचं आहे. स्टूल मात्र मीच धरलं होतं. हिने खोक्याचं झाकण हळूच उचललं. दुसऱ्या हातातल्या चिमट्यात कढीपत्त्यावरची अळी होती, चांगली वळवळणारी.