वैद्याने कुणाला मरू द्यावं?

परोपकाराला गणित लागतं, हे मला कुठल्या संताने नव्हे, तर 2004 साली निघालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या संगणकावरच्या खेळाने शिकवलं. त्यातल्या ‘मोल्टन कोर’ नावाच्या गुहेत तेव्हा 40 जण मिळून राक्षसांवर चालून जात. पुढे उभा राहून मार खाणारा तो ‘टँक’, बरेचसे मारणारे, आणि उरलेले आमच्यासारखे वैद्य, म्हणजे ‘हीलर’. वैद्याला राक्षस बघायला सवड कुठली? पंगतीतल्या वाढप्याची नजर जशी पानांवर, तशी त्याची प्रत्येकाच्या आयुष्याच्या पट्टीवर. मंत्रशक्ती मोजकीच. धडधाकट माणसावर उपचार करणं म्हणजे भरल्या पानात आग्रहाने जिलबी वाढणं. ऐन वेळी परात रिकामी! म्हणून आधी टँक, मग आपण, मग इतर. हा स्वार्थ म्हणाल, तर वाढपीच आडवा झाल्यावर पंगतीने काय करायचं?

पण हौसेने आगीत उभ्या राहिलेल्या गड्याला मरू देणं जड जातं हो! त्याच्यामागे धावावं, तर इकडे टँक पडतो आणि मागोमाग सगळेच. दया सर्वांवर सारखी करता येते, औषधाचं तसं नाही. हे कुणालाही पटावं. अडचण एवढीच, की या खेळात मेलेल्यालाही लगेच बोलता येतं.