तक्रार कोणापाशी न्यावी?

मुले घरी येतात आणि दप्तर उतरण्याआधी शाळेच्या नियमांची तक्रार सुरू होते: केसांची लांबी, मोबाईलबंदी, जुम्याच्या नमाजसाठी न मिळणारी सवलत. आपण एक तर त्यांना गप्प बसवतो, नाही तर त्यांच्यादेखत मुख्याध्यापकांचा उद्धार करतो. ही दुसरी सवय अधिक घातक. ती गीबत आहे, आणि तिचा पहिला धडा मुलांना घरातच मिळतो.

हजरत खौला बिन्ते सालबा (रजि.) यांच्या पतीने त्यांना आईसमान ठरवून ‘जिहार’ केला. अज्ञानकाळातील रूढीनुसार संसार मोडल्यातच जमा होता. परंतु त्या शेजारणींपाशी गाऱ्हाणे गात बसल्या नाहीत. थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेल्या आणि पुन्हा पुन्हा आपली बाजू मांडली. तीही इतक्या हळू आवाजात, की घरातच असलेल्या हजरत आयशा (रजि.) यांना काही शब्द ऐकू आले नाहीत. अल्लाहने मात्र ऐकले. ५८ व्या सूरहच्या आरंभीच्या आयती अवतरल्या व ती रूढी बदलली. सूरहचे नावच ‘अल-मुजादिला’, म्हणजे वाद घालणारी स्त्री!

२०२४ साली चेंबूरच्या महाविद्यालयीन मुलींनी पोशाखाच्या नियमाविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. उच्च न्यायालयाने जूनमध्ये याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब व टोपीवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली.

तुमच्या मुलाला शुक्रवारची अडचण असेल, तर आज इशानंतर त्याला जवळ बसवा आणि मुख्याध्यापकांना अर्ज लिहायला लावा. शब्द त्याचे असू द्यात. खाली सही तुम्ही करा.