दर्शनी भिंत

काही वर्षांपूर्वी धावड्याला घर बांधायला काढले, तेव्हा गवंड्याला मी सिनेमातल्या एका वाड्याचे चित्र दाखवले. उंच गोल खांब, वर कमान, दोन्ही अंगांना सज्जे. दर्शनी भाग उभा राहीतो पैसे संपले. मागे जुन्या मातीच्या भिंती आणि पत्रे तसेच राहिले. वडील ओट्यावर बसून पाहत होते. एवढेच म्हणाले, "अरे, घर बांधलंस का पडदा?"

तो शब्द मनाला लागला. सिनेमातले घर खोटे, हे कबूल. पण खोट्यावरून बेतलेले खरे घरही खोटेच का?

अमेरिकेत बेव्हर्ली हिल्स येथे एक विचित्र घर आहे. टोकदार, वाकडेतिकडे छप्पर आणि चिमुकल्या खिडक्या; गोष्टीतली चेटकीणच आत राहत असावी! हॅरी ऑलिव्हर या कलादिग्दर्शकाने १९२१ साली ते एका चित्रपट कंपनीसाठी बांधले. तिथे कचेरी भरे आणि चित्रणही होई. पुढे ते उचलून आजच्या जागी नेले आणि त्यात माणसे राहू लागली. आत चूल पेटली आणि नेपथ्याचे घर झाले.

पण इतक्या लांब तरी कशाला जायचे? आमच्या भागातल्याच अजिंठ्याच्या १९ क्रमांकाच्या लेण्यात कमानदार छताला दगडात कोरलेले वासे आहेत. ते कसलाच भार पेलत नाहीत. वरचा डोंगर आपल्याच बळावर उभा आहे. लाकडी चैत्यगृहांची ती नक्कल. तरी तिला खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या कारागिरांना कुणाला फसवायचे नव्हते. पिढ्यांच्या ओळखीचा आकार त्यांना टाकवला नाही, इतकेच.

माझे तसे नव्हते. खांब मला आवडले होते खरे, पण त्याहून अधिक मला मागच्या भिंती लपवायच्या होत्या. वडिलांना नक्कल खटकलीच नव्हती. खटकले होते ते लपवणे. गळक्या पत्र्याखाली, त्या मागच्या खोलीत निजत होते ते!

ती खोली मी पुढे पक्की केली, तेव्हा ते नव्हते. खांब अजून आहेत. पाडावेसे वाटत नाहीत. मात्र दिवाळीची पहिली पणती मी मागच्या दारी लावतो.