सरासरीतलं लिंबू

2022 च्या एप्रिलमध्ये लिंबू किती महागलं होतं, ते तुम्हालाही आठवत असेल. एकेक लिंबू दहा-दहा रुपयांना! विजापूर, इंडी हा लिंबाचा मुलूख आम्हा बेळगावकरांना तसा जवळचा. तरी बाजारात बाईनं टोपलीवर हात ठेवूनच भाव सांगितला. मी दोनच घेतली. दुपारी वरणभाताबरोबर फोडी वाढल्या. सासऱ्यांना, दिरांना, ह्यांना, मुलांना. माझ्या आणि जाऊबाईंच्या ताटात फोड नव्हती. आम्हाला कुणी नको म्हटलं नव्हतं. वाढणाऱ्या आम्हीच होतो.

त्याच दिवसांत मुलीचा अर्थशास्त्राचा अभ्यास चालला होता. ती म्हणाली, "आई, देशाचाही असा ताळेबंद असतो. अन्नाचा." संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना असे ताळेबंद मांडते. रीत आपल्या घरखर्चाच्या वहीसारखीच. देशात पिकलं किती, बाहेरून आलं किती, बाहेर गेलं किती, साठ्यात काय फरक पडला. त्यातून बियाणं, जनावरांचा चारा, वाटेत नासलेलं वजा करायचं. उरलं ते लोकसंख्येनं भागायचं. संत्री-मोसंबी एका ओळीत, लिंबं वेगळ्या ओळीत. डब्यातला संत्र्याचा रससुद्धा पुन्हा संत्र्यांच्या वजनात मोजतात.

आपण ढोबळ हिशेब करून बघू. आपल्या देशात लिंबू, संत्री, मोसंबी मिळून वर्षाला सुमारे 1 कोटी 40 लाख टन पिकतात. माणसं सुमारे 140 कोटी. म्हणजे नासधूस, निर्यात न धरता माणशी 10 किलो, दिवसाला 27 ग्रॅम. रोज एखादं लहान लिंबू म्हणा ना! ऐकून मला हसूच आलं. माझं लिंबू कुठं आहे मग?

मुलगी म्हणाली, "हे खाल्लेलं नव्हे, आई. मिळण्याजोगं." शब्द साधा, पण त्यातच सगळं आलं. ह्या ताळेबंदातली नासाडीची वजाबाकी दुकानापर्यंतच येते. घरात आलेलं फळ फ्रीजमध्ये सुकलं, तरी ते तुमच्या-माझ्या वाट्यालाच लिहिलं जातं. दुकानाच्या दारावर मिरच्यांबरोबर टांगलेलं लिंबूही बहुधा कुणाच्या तरी पोटात गेलं असंच धरलं जात असेल. आणि परसातल्या झाडाची ओंजळभर लिंबं शेजारणीला दिली, तर ती कुठल्या बाजार समितीच्या वहीत चढणार?

ह्यात आकड्यांचा दोष नाही. देशाला किती लागेल, किती आणावं लागेल, हे ठरवायला असा हिशेब हवाच. पण तो सांगतो तेवढंच त्याच्याकडून ऐकावं. हे फार आधी ओळखणारा माणूस आपल्याच भागातला होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 मध्ये जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे. त्यांनी ह्याच संघटनेच्या सांख्यिकी विभागाचं काम कित्येक वर्षं पाहिलं. जगात भुकेले किती, हे मोजताना त्यांनी दाखवलं, की देशाची सरासरी पुरेशी असली म्हणून प्रत्येक घर जेवलं असं होत नाही; घराघरांत वाटणी कशी होते ते बघावं लागतं.

मी म्हणते, आणखी एक उंबरा ओलांडा. घराच्या आत वाटणी कशी होते?

हा लाडाकोडाचा प्रश्न नव्हे. आपण शाकाहारी बायका. डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मोठी मदत होते, आणि ते लिंबात आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. ज्या ताटाला ती फोड सगळ्यात जास्त हवी, त्याच ताटात ती शेवटी पडते. उरली तर.

हे मी मंदिरातल्या बायकांत बोलले, तर एक आजी म्हणाल्या, "अगं, कमी खाणं हे तपच की." खरं आहे. अवमौदर्य हे आपल्याकडे बाह्य तपांतलं एक. पण शास्त्रानं तिथंही आधी माप सांगितलंय. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास, स्त्रीचा 28. त्याहून कमी घ्यायचं ते तप. म्हणजे आधी पूर्ण ताट कुणाचं किती, हे ठरलेलं. त्यात बाईचंही ताट धरलेलं. मग जाणून, संकल्प करून त्यातलं सोडायचं. जे वाट्याला धरलंच गेलं नाही, ते सोडलं कसं म्हणायचं? चतुर्दशीला मी हिरवं सोडते, तेव्हा ते माझं व्रत असतं. त्या दुपारी फोड मिळाली नाही, तो त्याग नव्हता. ती नुसती सवय होती. आणि सवयीला त्यागाचं नाव दिलं, की पुढच्या सुनेलाही तीच सवय आपण पुण्य म्हणून देतो.

ह्यात दोष घरातल्या पुरुषांवर ढकलून मोकळं होता येत नाही. सुरी आपल्या हातात असते. देशाचा ताळेबंद निदान प्रत्येक डोकं मोजतो. अगदी तान्हं मूलही. आपण स्वतःच्या घरात स्वतःला वगळून भागाकार करतो.

आता मी एक करते. लिंबू कापण्याआधी ताटं मोजते, सगळी. लिंबू एकच असलं तर फोडी बारीक होतात, होऊ देत. पहिल्या दिवशी जाऊबाईंच्या ताटात फोड ठेवली, तर त्यांनी ती उचलून परत वाटीत टाकायला हात पुढं केला. मी म्हटलं, "असू द्या आक्का. नको असेल तर मुलांना द्या, पण आधी तुमची म्हणून घ्या."

त्या क्षणभर थांबल्या. मग वरणावर पिळून म्हणाल्या, "बरंच आंबट आहे गं."