आपल्या वतीने कोण बोलणार?

गेल्या वर्षी दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला होत्या, तेव्हाची गोष्ट. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळाजवळ एका मांडवात वारकऱ्यांच्या पायांची मलमपट्टी चालली होती. आमच्याही टाचेला फोड आला होता, म्हणून बाकावर बसलो. पट्टी बांधणाऱ्या बाई साठी उलटलेल्या. चौतीस वर्षे परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झालेल्या. मांडवात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. आमचे कीर्तन त्यांनी पूर्वी ऐकले असावे, कारण पट्टी बांधता बांधताच त्यांनी विचारले,

"महाराज, एक शंका आहे. मला मूलबाळ नाही. भाच्याच्या नावानं कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय. उद्या माझी वाचा गेली, शुद्ध गेली, तर डॉक्टरांशी तोच बोलेल ना? आणि आणखी एक. असलं लिहून ठेवणं म्हणजे देवावर भरवसा नाही, असं होतं का हो?"

पुढे त्यांनी सांगितले की, त्यांची भाची इंग्लंडात परिचारिका आहे. तिकडे 2005 साली एक कायदा झाला आणि 2007 पासून तो अमलात आहे. त्यानुसार माणूस शहाणा असतानाच पैशाअडक्यासाठी एक आणि औषधोपचारासाठी दुसरे, अशी मुखत्यारपत्रे करून सरकारदप्तरी नोंदवतो. करणाऱ्याची बुद्धी गेली तरी ती टिकतात. किंबहुना उपचाराचे पत्र त्याची बुद्धी चालेनाशी झाल्यावरच लागू होते. भाचीने स्वतःचे केले आणि मावशीला कळवले. मावशी तडक नोटरीकडे गेल्या.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिथल्या तिथे देऊ शकलो असतो. पण पहिला प्रश्न कायद्याचा. आमचे शिक्षण पाठशाळेतले. म्हणून आमच्या नित्याच्या श्रोत्यांतील एका वकिलांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, "बुवा, बाईंचा कागद नेमका नको तेव्हा फाटणार." आपल्याकडचा करारांचा कायदा 1872 चा. त्याचे 201 वे कलम सांगते की, मुखत्यार नेमणारा मेला अथवा त्याची बुद्धी भ्रष्ट झाली की मुखत्यारी संपली. बाई धडधाकट असेपर्यंत भाच्याने त्यांच्या वतीने बँकेत सही करावी; बाईंची शुद्ध गेली की त्याच दिवशी त्याची सही व्यर्थ. पाऊस सुरू होताच मिटणारी छत्री म्हणा ना! बेशुद्ध माणसासाठी पालक नेमून घ्यायला घरच्यांना उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, अशी उदाहरणे आपल्या मुंबईतच आहेत.

वकिलांचे बोलणे ऐकताना आम्हाला परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील अरुणा शानभाग आठवल्या. उत्तर कानड्यातील हळदीपूरची ही मुलगी तेथे परिचारिका होती. 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला, गळा आवळला, मेंदूला प्राणवायू मिळेना. त्यानंतर ती सुमारे 42 वर्षे त्याच रुग्णालयात पडून होती आणि 18 मे 2015 रोजी गेली. नात्यातली माणसे हळूहळू यायची थांबली. सेवा केली ती तिथल्या परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली की दुसरी पुढे आली. अंगावर शय्याव्रण म्हणून होऊ दिला नाही. मधल्या काळात लेखिका पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या: या देहाला असे किती ठेवायचे? 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयापुढे प्रश्न आला की, अरुणाची खरी जिवलग कोण, तिच्या वतीने बोलायचे कोणी? न्यायालय म्हणाले, विराणी नव्हेत. जिने तिला इतकी वर्षे जोपासले ती रुग्णालयातील मंडळी. आणि त्या मंडळींना अरुणा हवी होती.

त्या परिचारिकांच्या सेवेपुढे आम्ही मस्तक ठेवतो. विराणींच्या कळकळीवरही शंका नाही. पण दोन्ही पक्ष जे बोलले ते आपापल्या अंतःकरणातले. अरुणाचे म्हणणे काय असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पंचविशीतली मुलगी, तिला कोण विचारणार आणि ती तरी कशाला बोलणार?

येथे आम्हाला आमच्या गुरुजींनी शिकवलेली मीमांसा उपयोगी पडते. जैमिनींच्या सूत्रांत सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा विचार आहे. यज्ञाला व्रीही मिळाले नाहीत तर नीवार चालतात, सोम नसेल तर पूतिका चालते. वस्तूला प्रतिनिधी आहे. पण देवतेला नाही, मंत्राला नाही, आणि ज्याचा संकल्प त्या यजमानालाही नाही. अपवाद एकच, सत्राचा. तिथे अनेक यजमान मिळून यज्ञ करतात. मध्येच एखादा गेला तर संख्या भरण्यासाठी दुसरा आणावा. पण तो आलेला माणूस स्वामी होत नाही, फळ त्याचे नाही. विद्यार्थिदशेत हा सगळा कीस आम्हाला कंटाळवाणा वाटे. आता वाटते, यात मोठे मर्म आहे. दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा हात देऊ शकतो, पाय देऊ शकतो, संकल्प देऊ शकत नाही. संकल्प मूळ मालकानेच सोडून ठेवलेला असावा लागतो.

आपल्या वारीतही हेच नाही का? गुडघे थकले की म्हातारा मुलाच्या खांद्यावर पताका देतो आणि म्हणतो, यंदापासून माझी वारी तू चालव. तो हे बोलून देतो म्हणून ती वारी त्याची राहते.

हे ज्ञान आम्हाला वेळेवर सुचले नाही, तेही सांगून टाकतो. आमचे थोरले बंधू वैद्य होते. हजारो रोग्यांच्या उशाशी बसले, घरच्यांना म्हणायचे, "यांना काय हवंय ते शुद्धीत आहेत तोवर विचारून घ्या." 2019 साली त्यांनाच मेंदूचा झटका आला. एका रुग्णालयात त्यांना श्वसनयंत्र लावले. डॉक्टर रोज विचारीत, पुढे काय? मुलगा म्हणे चालू द्या, वहिनी म्हणत घरी न्या, आणि आम्ही कर्मभोगावर प्रवचन करीत होतो. तिघांचे तीन सूर. बारा दिवस गेले, मग त्यांनीच सोडवणूक केली. त्या बारा दिवसांत काका-पुतण्यात जी तेढ आली ती अजून पुरती गेली नाही. रोग्यांची काळजी वाहणारा माणूस आपल्या देहाविषयी बोलायचे नेहमी उद्यावर टाकतो. त्याला वाटते, मी तर या बाजूचा.

आता सिस्टरबाईंच्या दुसऱ्या शंकेकडे वळू. कोणी म्हणेल, उपचार नको म्हणून लिहिणे हा आत्मघातच. आम्हाला तसे वाटत नाही. विष घेणे वेगळे आणि जाणारा श्वास यंत्राने कोंडू नका म्हणणे वेगळे. भरवशाचे म्हणाल तर वारीला निघणारा माणूसही पडशीत शिधा बांधून घेतोच की.

आणि यासाठी आपल्याकडेही वाट झाली आहे. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. पहिले नियम फार अवघड होते, दंडाधिकाऱ्यांची सही लागे. जानेवारी 2023 मध्ये ते सुलभ केले. आता दोन साक्षीदारांपुढे सही करायची आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घ्यायची. कोणत्या अवस्थेत कोणता उपचार नको ते लिहायचे, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या पालकाचे वा जवळच्या नातलगाचे नाव घालायचे; एकाहून अधिक नावे चालतात. एक प्रत महापालिकेने वा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. त्या नातलगाने बोलायचे ते इच्छापत्राला धरूनच. जैमिनी ऋषी संतुष्ट झाले असते! आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावरही काही होत नाही. उपचार करणारा डॉक्टर व दोन तज्ज्ञ असे एक मंडळ, त्यावर दुसरे मंडळ, दोघांनी तपासायचे. मनाच्या आजारापुरता 2017 चा निराळा कायदा आहे. त्यातही आपला प्रतिनिधी नेमता येतो.

हे सगळे आम्ही सिस्टरबाईंना कळवले. कार्तिकीनंतर त्यांचा निरोप आला, म्हणून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी कागद लिहून तयार ठेवला होता आणि भाच्याला समोर बसवून वाचायला घेतला. श्वसनयंत्राचे वाक्य आले तसा तो उठून गॅलरीत गेला. चहा निवून गेला. परत आला तेव्हा म्हणाला, "मावशी, ऐन वेळी हे माझ्या तोंडून निघेल की नाही, मला सांगता येत नाही."

"म्हणून तर आत्ता विचारते आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याचे नाव खोडले नाही. त्याच्या नावाखाली इंग्लंडातल्या भाचीचे नाव लिहिले आणि साक्षीदार म्हणून सही कराल का, असे आम्हाला विचारले.