पाहुण्याची भाषा

परक्या देशात जाऊन तेथील तरुणांना आपली मातृभाषा शिकविणे हे वरवर पाहता निरुपद्रवी काम आहे. शिक्षकाला ती भाषा आईच्या दुधाबरोबर मिळालेली असते आणि विद्यार्थ्याला ती हवी असते. मग यात नैतिक प्रश्न तो कोणता? प्रश्न असा, की ज्या भाषेमागे सत्ता, पैसा आणि प्रतिष्ठा उभी आहे ती भाषा शिकविणारा नुसता शिक्षक राहू शकतो काय? तो वर्गात शिरला की त्याच्या पाठोपाठ आणखीही काही आत येते. विद्यार्थी उठून उभे राहतात ते गुरूसाठी की त्या मागून येणाऱ्या सत्तेसाठी, हे पुष्कळदा त्यालाही सांगता येणार नाही.

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका इंग्रज बाईंचा आपल्या वर्धा जिल्ह्याशी दहा वर्षांचा संबंध होता. मार्जरी साइक्स यांचा जन्म १९०५ मध्ये यॉर्कशायरमधला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्याचे अध्ययन केले. पंथाने त्या क्वेकर होत्या. १९२८ मध्ये त्या मद्रासच्या बेंटिंक मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून आल्या आणि १९३९ मध्ये रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून शांतिनिकेतनात गेल्या. तेथे विश्वभारतीच्या विद्यार्थ्यांना त्या इंग्रजी शिकवू लागल्या. काळ कसा होता हे ध्यानात घ्यावे. युरोपात महायुद्ध पेटलेले, येथे इंग्रजांनी चालते व्हावे म्हणून जनता उठू पाहत असलेली, आणि विद्यार्थ्यांपुढे उभी एक इंग्रज बाई, हातात इंग्रजी पुस्तक घेऊन!

मद्रासेत त्या तमिळ शिकल्या होत्या, शांतिनिकेतनात बंगाली शिकल्या. पुढे रवींद्रनाथांची नाटके त्यांनी इंग्रजीत उतरविली. म्हणजे ज्यांना त्या इंग्रजी देत होत्या त्यांच्याच दारात ओंजळ धरून त्या उभ्याही राहिल्या.

येथे कोणी म्हणेल, यजमानाची भाषा शिकली की पाहुण्याचे ऋण फिटले. हे मला इतक्या सहज मान्य होत नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात उतरले. त्यांनी येथे इंग्रजीची शाळा काढली नाही. उलट १६१६ मध्ये छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत रचले. त्यांच्याविषयी आपल्याला जिव्हाळा आहे आणि तो योग्यच आहे. परंतु मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी शब्दकोशही (१८३१) मराठीच्या अफाट परिश्रमाचेच फळ, आणि तो सिद्ध झाला कंपनी सरकारच्या आश्रयाने. राज्य करण्यासाठीसुद्धा रयतेची भाषा शिकावी लागते. तेव्हा नुसत्या शिकण्यावरून अंतःकरण ओळखता येत नाही.

मग ते ओळखावे कशावरून? साइक्सबाईंनी बनारसीदास चतुर्वेदी यांच्यासह ज्यांचे चरित्र लिहिले त्या सी. एफ. अँड्र्यूज यांच्या आयुष्यात एक खूण सापडते. अँड्र्यूज १९०४ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवावयास आले. प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा त्यांचे नाव पुढे आले. परंतु त्यांनी सुशीलकुमार रुद्र यांचा आग्रह धरला, आणि १९०६ मध्ये रुद्र त्या कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. इंग्रज माणसाने भारतीयाच्या हाताखाली काम करणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आपले मोल जेथे कमी ठरेल अशी जागा स्वेच्छेने पत्करणे, ही ती खूण.

साइक्सबाई १९४९ मध्ये सेवाग्रामला आल्या तेव्हा त्यांनीही हेच केले. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून निघालेली ‘नई तालीम’ तेथे आर्यनायकम आणि आशादेवी चालवीत होते. सूतकताई, शेती, सफाई आणि मातृभाषा यांच्या आधाराने सात वर्षांचे शिक्षण द्यावे. मॅट्रिकच्या अभ्यासातून इंग्रजी वजा करावी आणि त्यात हस्तोद्योग मिळवावा, असा गांधीजींचा हिशेब होता. केंब्रिजची इंग्रजी ज्या शाळेत वजा केलेली, तिच्यासाठी शिक्षक घडविण्याचे काम या बाईंनी १९५९ पर्यंत केले.

मात्र या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंग्रजी सोडणे हे ज्याच्याजवळ ती आहे त्याला शोभते. ज्याच्या घरात तिचे एक अक्षरही नाही त्याला ‘तुला तिची गरज नाही’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला? सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या आपल्या काव्यसंग्रहातच इंग्रजी शिकण्याचा उपदेश केला. डॉ. आंबेडकरांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये मिळविलेल्या विद्येने आणि इंग्रजीने काय साधले, हे विदर्भाला सांगावयास नको. ही शिक्षणपद्धती गरिबांच्या पोरांसाठी आणि इंग्रजी शाळा मोठ्यांच्या मुलांसाठी, अशी शंका पालकांना आली असेल तर तिला मी अडाणीपणा म्हणणार नाही. धर्मग्रामातील आईबाप इंग्रजी माध्यमासाठी पोटाला चिमटा घेतात तेव्हाही मला त्यांना बोल लावता येत नाही. माझी तक्रार निराळी आहे. घरात इंग्रजी पाहुणी म्हणून आली की आजीला गप्प बसविले जाते. नातवाच्या पहिल्या कम्युनियनच्या प्रार्थना तिला समजत नाहीत आणि तिच्या प्रार्थना त्याला येत नाहीत. हा अपराध त्या भाषेचा नाही. तिला माजघरापर्यंत नेऊन बसविणाऱ्यांचा आहे.

सेवाग्रामात १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे वैद्यक इंग्रजीत शिकविले जाते. दुसरा मार्ग आज तरी दिसत नाही. महाराष्ट्राबाहेरचे विद्यार्थीही तेथे येतात. नव्या विद्यार्थ्यांनी आरंभीचे काही दिवस आश्रमात काढावयाचे आणि एक गाव दत्तक घ्यावयाचे, अशी तेथली रीत आहे. त्या गावात गेलेल्या परप्रांतीय तरुणाला साऱ्या इंग्रजी ग्रंथांचा क्षणभर काही उपयोग होत नाही. समोरची म्हातारी आपले दुखणे आपल्या बोलीत सांगते. कळ कोठून उठते, ठणका कधी लागतो, कसकस कशी वाटते, हे त्याला तिच्याकडूनच शिकावे लागते. आणि त्याचा उच्चार चुकला की ती हसून तोच शब्द पुन्हा सांगते.