आधी घड्याळ उलटं कर

घड्याळ इकडे दे. आणि पाठीमागे लपवलेली ती पेटीसुद्धा टेबलावर ठेव.

लगवर, म्हणजे घड्याळाच्या ज्या शिंगांत पट्टा अडकतो त्यांवर, हे चरे कशाने पाडलेस? भाजीच्या सुरीने? पट्टा निघेना म्हणून सुरीचं टोक घुसवलंस, ते सटकलं, स्टीलवर ओरखडा उठला आणि अंगठाही कापून घेतलास. मग काय, तर ज्या पेटीत सगळ्यांत जास्त नग, ती पेटी मागवली! हत्यारं नग मोजून घेतात का रे? यातली निम्मी मागचं झाकण उघडायची आहेत. पट्टा बदलायला झाकण उघडावं लागतं, हे कोणी सांगितलं तुला? त्यांना हात लावायचा नाही. झाकणाखालचं रबरी कडं जागचं हललं की पाणी आत शिरलंच म्हणून समज.

सुरीबद्दल एकदा माफ करीन. पण घड्याळ न बघता हत्यार उचललंस, त्याबद्दल नाही.

उलटं कर ते. पट्टा कशाने धरलाय, सांग. स्प्रिंग बारने. बारीक नळी, दोन्ही टोकं आत दबणारी, आणि ती टोकं लगच्या भोकांत बसलेली. टोकाजवळ नळीला खांदा असतो. हत्याराचा काटा त्या खांद्यामागे अडकवायचा आणि टोक आत ओढून घ्यायचं. एवढंच काम. पण काटा जाड असला तर पट्टा आणि लग यांच्यातल्या फटीत शिरणार नाही, आणि बारच्या मानाने अरुंद असला तर खांद्यावरून निसटून लगवर जाईल. नेहमीचे बार दीड मिलिमीटर जाडीचे. सेइकोच्या कित्येक डायव्हर घड्याळांचे अडीच मिलिमीटरचे. दोन्हींना एकच काटा कसा चालेल?

आता लगची बाहेरची बाजू बघ. आरपार भोक आहे? मग काटा नकोच. हत्याराच्या दुसऱ्या टोकाला सुई असते, ती बाहेरून दाब. आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला बारची छोटीशी दांडी दिसत असेल, तर हत्यारच नको. नखाने सरकव, पट्टा हातात येतो. बघितलं असतंस, तर पेटीचे पैसे वाचले असते!

हत्यार एकच घे, पण टोकं बदलता येतील असं घे. स्वित्झर्लंडमधल्या ल लॉक्ल गावची बर्जियन ही १७९१ सालची कंपनी. तिचं ६७६७ क्रमांकाचं हत्यार घड्याळजींच्या टेबलावर असतं ते उगाच नाही. परवडत नसेल तर साधं घे, माझी ना नाही. फक्त त्याचं टोक लाकडावर दाबून बघ. वाकलं तर परत कर.

नवा पट्टा घेताना दुकानदाराला काय सांगितलंस? ‘मीडियम द्या’? शर्ट घ्यायला गेला होतास काय? दोन लगमधलं अंतर मोजायचं असतं. १८, २० किंवा २२ मिलिमीटर. पण १९ आणि २१ चीही घड्याळं निघतात, म्हणून अंदाज चालत नाही. कंपासपेटीतली पट्टीही चालत नाही. व्हर्नियर कॅलिपर वापर. वीसच्या जागेत अठराचा पट्टा घातलास तर तो डावी-उजवीकडे सरकत राहील आणि दोन्हीकडून बार उघडा दिसेल.

दुसऱ्या घड्याळाची चेन दाखव. आतून बाण कोरलेत, ते नक्षी म्हणून नाहीत. पिन बाणाच्या दिशेने बाहेर काढायची आणि परत घालताना उलट दिशेने आत. ही कडेची रेघ स्क्रूची खाच समजून फिरवत बसलास ना? बाण दिसत असताना! ते चिरलेल्या पिनचं टोक आहे. जन्मभर फिरवलंस तरी सुटायचं नाही. वर म्हणतोस, हत्यार खराब. नाचता येईना, अंगण वाकडं.

अशा पिनला खाचांचा ठोकळा, पिनपेक्षा किंचित बारीक पंच आणि छोटी पितळी हातोडी लागते. तुझ्या पेटीतलं ते स्क्रू पिळून पिन ढकलायचं यंत्र जरा तिरकं बसलं की त्याची सुई वाकते. वाकलीच आहे, बघ. काही चेनमध्ये पिनवर इवलीशी नळी असते, तिला कॉलर म्हणतात. ती हरवली तर पिन आत थांबत नाही. म्हणून काम पांढऱ्या पंच्यावर करायचं, सतरंजीवर नाही. खरोखरचा स्क्रू असेल तर खाचेत घट्ट बसणारंच पातं घे. आणि मोबाइल दुरुस्तीचा चुंबकी स्क्रूड्रायव्हर चावीच्या किंवा ऑटोमॅटिक घड्याळाजवळ आणू नकोस. आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे धावायला लागतं. कड्या काढताना लॉकच्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढ, नाहीतर लॉक मनगटाच्या कडेला येतं.

बाकीचं नीट ऐक. पुन्हा सांगणार नाही. सुरुवात करण्याआधी लगवर चिकटपट्टी लाव. डोळ्यांवर चष्मा असू दे, स्प्रिंग बार उडतो. आणि नव्या पट्ट्यात जुना बार घालायचा कंजूषपणा करू नकोस. आपल्याकडच्या घामाने आणि दमट हवेने बार आतून गंजतो, वरून पत्ताही लागत नाही. अख्खं घड्याळ त्या दोन बारांवर लटकत असतं. बसवून झाल्यावर मऊ गादीवर धरून दोन्ही बाजूंनी ओढून बघ. निसटायचं असेल तर तिथेच निसटू दे, लोकलच्या दारात नको.

उद्या येताना तीन गोष्टी वहीत लिहून आण: लगमधलं अंतर, बारची जाडी, आणि चेनला पिन आहे, कॉलर आहे की स्क्रू. हे लिहिता आलं तर तुला कोणतं हत्यार लागेल ते मी सांगण्याची गरज उरणार नाही. नाही आलं, तर गुपचूप घड्याळजीकडे जा, मागेल ते पैसे दे, आणि तो काम कसं करतो ते तोंड न उघडता बघ.